बर्थडेच्या नावाखाली: नवी मुंबईतल्या एका परमिट रूमचं प्रकरण

हार्बर लाइनीवरच्या एका स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवर ही परमिट रूम आहे. खाली दुकानांची रांग, वर राहती घरं; सिडकोच्या सेक्टरांत असते तशीच इमारत. जागा इथल्या मूळ गावातल्या एका आगरी कुटुंबाची, साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावर बांधलेली. एफएल-३, म्हणजे दारूचा परवाना, थोरल्या दादांच्या नावावर, पण धंदा चालवायला दिलाय एका अण्णांना. कंडक्टिंग म्हणतात ते. दादांना महिन्याला ठरलेली रक्कम, गल्ला अण्णांचा.

करोनाचे निर्बंध उठल्यावर शनिवार-रविवार भरायला लागले, पण बुधवारी आतला एसी हॉल रिकामाच असायचा. अशात दोन तरुण अण्णांकडे आले. एक ऐरोलीतल्या आयटी कंपनीत एचआरमध्ये. दुसरा कळव्याचा, दिवसा सलूनमध्ये काम करतो आणि कार्यक्रम असेल तेव्हा ड्रॅग करतो, म्हणजे बाईच्या वेशात गाण्यांवर सादरीकरण. महिन्यातून एक बुधवार त्यांना गे, लेस्बियन, ट्रान्स मंडळींसाठी हवा होता. अण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या: माणसं किती, आणि जेवणार ना? चाळीस-पन्नास जण, जेवणार आणि पिणार. अण्णांनी बुकिंगच्या वहीत लिहिलं, ‘बर्थडे पार्टी’. मग वाढदिवस खरा वाटावा म्हणून केकही आला. त्यावर नाव हवं, तर ‘स्वीटी’. पुढच्या महिन्यात दुसरा केक, दुसरं नाव.

दुसऱ्या ‘वाढदिवसा’ला बाहेरच्या फॅमिली सेक्शनमध्ये बसलेल्या कोणीतरी हॉलच्या दारातून मोबाइलवर व्हिडिओ काढला. चार दिवसांनी अण्णांना फोन आला: तुम्ही डान्स बार चालवता, माझ्याकडे पुरावा आहे. त्याच आठवड्यात पाहुण्यांपैकी एकाला, कोपरखैरण्याच्या एका संसारी माणसाला, तोच व्हिडिओ पोचला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का, अशी विचारणा सोबत. अण्णांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले. महिन्याने पुन्हा फोन आला तेव्हा प्रकरण दादांच्या कानावर गेलं, आणि दादांनी दोघा तरुणांना माझ्याकडे धाडलं.

मी ठाण्यात बसून हॉटेलं आणि बारच्या परवान्यांची कामं करते. उत्पादन शुल्क, महापालिका, पोलीस, अग्निशमन, जिथे फाइल फिरते तिथे मी फिरते. त्यामुळे हे प्रकरण मी कागदाच्या बाजूनेच बघितलं. माणसांची नावं आणि पत्ता गाळलाय, बाकी घडलं तसं आहे.

पहिल्या बैठकीत मी त्यांना विचारलं, की त्या रात्री हॉलमध्ये बेकायदा नक्की काय होतं? ऐरोलीचा मुलगा कायद्याचं सगळं वाचून आला होता. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सौम्य केलं, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते मोडीत काढलं. मग आम्ही गुन्हेगार कसे, असा त्याचा प्रश्न. बरोबरच होता. पाहुण्यांमध्ये बेकायदा काहीच नव्हतं. कच्च्या होत्या त्या दोनच गोष्टी. एक, ‘बर्थडे’ असं लिहून आत सादरीकरण. दुसरी, परमिटचं पुस्तक. खंडणी मागणाऱ्याने माणसांना धरलंच नव्हतं, त्याने धरलं होतं ते आपणच लिहिलेलं खोटं. त्या खोट्यापायीच अण्णा पोलिसांकडे जायला धजत नव्हते. तक्रार द्यायची तर पहिला प्रश्न येणार, त्या दिवशी हॉलमध्ये काय चाललं होतं?

परमिटचं पुस्तक म्हणजे काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि दारू पिणाऱ्याकडे परवाना असणं अपेक्षित आहे. नसेल तर बारमध्येच पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडून द्यायचा, त्यावर पिणाऱ्याचं नाव. गर्दीच्या वेळी प्रत्यक्षात हे कसं भरलं जातं ते सगळ्या धंद्याला ठाऊक आहे: कॅप्टन कोपऱ्यात बसून सुचतील ती नावं लिहीत जातो. एरवी त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण ज्या खोलीवर कोणाची तरी नजर आहे, तिथे तेच पुस्तक अण्णांच्या विरुद्ध साक्ष देतं.

क्रिस्टोफर स्ट्रीटवरची खोटी वही

हे ऐकताना कळव्याचा मुलगा हसायला लागला. म्हणाला, ताई, स्टोनवॉलमध्ये पण हेच होतं.

न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इनचं नाव मी ऐकून होते, जून महिन्यात इंद्रधनुषी झेंडे दिसतात तेवढ्यापुरतं. त्याने सांगितल्यावर मी त्या जागेचा इतिहास धंद्याच्या अंगाने वाचला, आणि इतकी ओळखीची फाइल मला बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

ग्रिनिच व्हिलेजमध्ये क्रिस्टोफर स्ट्रीटवरचं हे आधी साधं रेस्टॉरंट होतं. १९६६ मध्ये माफियाशी संबंध असलेल्या तिघांनी साडेतीन हजार डॉलर घालून त्याचा गे बार केला. दारूचा परवाना घेतलाच नाही. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये समलिंगी गिऱ्हाइकाला दारू दिली तर ‘बेशिस्त जागा’ म्हणून बारचा परवाना जाईल, ही धास्ती होती. त्याच वर्षी २१ एप्रिलला मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांच्या संघटनेचे काही कार्यकर्ते ज्युलियस नावाच्या बारमध्ये गेले, आम्ही समलिंगी आहोत असं सांगून त्यांनी पेय मागितलं, आणि बारटेंडरने ग्लासवर हात ठेवला. तो क्षण फोटोत आहे. परवानाधारक घाबरून मागे सरले, की ती जागा परवान्याची पर्वा नसलेले घेतात. इथे माफियाने घेतली.

स्टोनवॉल कागदावर ‘बॉटल क्लब’ होता: सभासदांचा खासगी क्लब, जिथे सभासद स्वतःची बाटली आणतात. म्हणून दारात वही. येणाऱ्याने वहीत सही करायची, आणि खरं नाव सहसा कोणी लिहायचं नाही. आमच्या परमिटच्या पुस्तकाची ही थोरली बहीण. शनिवार-रविवारी आत जायला तीन डॉलर, त्यात दोन पेयांची कुपनं. बारच्या मागे वाहतं पाणी नव्हतं. वापरलेले ग्लास टबात बुडवायचे आणि पुढच्याला द्यायचे. आगीतून बाहेर पडायचा मार्ग नाही. संडास तुंबलेले. आठवड्याला एक पोलीस पाकीट न्यायला यायचा. छापा पडणार असेल तर बहुधा आधी कळायचं. तोही संध्याकाळी लवकर पडायचा, म्हणजे रात्रीचा धंदा बुडायचा नाही. नाचताना पांढरे दिवे लागले की सगळ्यांनी एकमेकांपासून लांब व्हायचं. आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकांना धमकावून उकळणं, हा त्याच मालकांचा जोडधंदा होता.

हप्ता, पाकीट, आधी मिळणारी खबर, खोटी वही. पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यात २००५ च्या आधी ज्यांनी बारधंदा पाहिलाय, त्यांना यातलं काय नवीन वाटेल?

२८ जून १९६९ च्या पहाटे, एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, छाप्याची खबर न मिळता पोलीस आत शिरले. आत दोनशेच्या आसपास माणसं होती. नेहमीप्रमाणे ती मुकाट बाहेर पडली नाहीत. पुढे जो उठाव झाला त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की त्या बारला लोकांनी डोक्यावर घेतलं असलं तरी तो चांगला बार नव्हता. लोक तिथे जायचे कारण पुरुषांना एकमेकांसोबत नाचू देणारी दुसरी जागा शहरात नव्हती. उठावानंतर काही महिन्यांत धंदा बंदही पडला. त्याच नावाचा आजचा बार पुष्कळ नंतरचा. २०१६ मध्ये त्या जागेला आणि समोरच्या बागेला राष्ट्रीय स्मारक केलं, ते बार म्हणून नव्हे.

ज्याला परवाना मिळू शकत नाही, त्याचा हप्ता चुकत नाही. आमच्या बुधवारला मात्र कार्यक्रमाचा परवाना मिळू शकत होता. तो कोणी मागितलाच नव्हता.

उसन्या खोल्या

का मागितला नव्हता, हे समजायला मुंबईकडे बघावं लागतं. मुंबईत गे क्लब असा फारसा झालाच नाही. झाल्या त्या गे रात्री. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर व्हूडू नावाचा पब होता. त्याची शनिवारची रात्र गे मंडळींची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पाटीवर कुठेच नव्हतं. अशोक राव कवींनी १९९० मध्ये समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट सुरू झाला. त्या दशकाच्या शेवटी गे बॉम्बे हा गट आला, आणि त्यांच्या पार्ट्या आज या जागेत, उद्या त्या जागेत, अशा फिरत्या राहिल्या. जागा दुसऱ्याची, परवाना दुसऱ्याचा, आणि रात्र बहुतेकदा अशी की त्या दुसऱ्याला ती नको असते. ३७७ असेपर्यंत याहून वेगळं करणं अवघडच होतं. क्लब चालवणं हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हता, पण मालकाला घाबरवायला तेवढा आधार पुरायचा. आणि पोलिसांच्या हाती ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ होतंच.

उघडपणे, नावानिशी ही गोष्ट केली ती ललित हॉटेलांमधल्या किटी सू या क्लबने. तिथे ड्रॅगचे कार्यक्रम जाहिरात करून होतात. त्यामागे असलेले केशव सुरी २०१८ मध्ये ३७७ विरुद्ध स्वतः याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. धैर्य आहेच. पण माझ्यासारखीला त्या जागेचे तारेही दिसतात. पंचतारांकित हॉटेलचं लायसन्स डिपार्टमेंट असतं, वकील पगारावर असतो, आणि मुंबई विमानतळाजवळच्या त्या हॉटेलात रात्री दोनला बाहेर पडणारा माणूस गाडीने जातो. कळवा, दिवा, उल्हासनगर, पनवेलचा मुलगा लोकलने जातो. साडेबाराच्या आसपासची शेवटची गाडी हुकली, तर पहाटे चारनंतरच्या पहिल्या गाडीपर्यंत तो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा मेकअप प्लॅटफॉर्मवर. कळव्याच्या मुलाने हे दोनदा भोगलं होतं, म्हणून त्याला नवी मुंबई हवी होती. २००४ पासून ठाणे-तुर्भे मार्ग असल्याने ठाण्याकडची आणि पनवेलकडची, दोन्हीकडची मंडळी इथे गाठ घालू शकतात. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू, साडेदहाला बंद. नाइट क्लब म्हणून याला कोणी हसेल, हसू दे. आमच्याकडच्या रात्रीचं घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं.

‘स्क्रिप्ट आहे?’

कार्यक्रमाच्या परवान्यासाठी पोलिसांकडे अर्ज काय म्हणून करायचा, यावर आमचे खटके उडाले. दादांचं म्हणणं सरळ होतं: ‘ताय, नुसता म्युझिक प्रोग्राम लिवा ना. कशाला सगल्यांना सांगाचा?’ ऐरोलीच्या मुलालाही ‘सांस्कृतिक संध्या’ असं काहीतरी गुळगुळीत चाललं असतं. मी अडून बसले. वर्णनात ‘एलजीबीटी समुदायासाठी गायन आणि ड्रॅग सादरीकरण’ असंच लिहायचं, कारण उद्या कोणी व्हिडिओ घेऊन आला तर व्हिडिओत दिसतं तेच परवान्यावर लिहिलेलं असलं पाहिजे.

अडचण खरी होती ती नाचाची. २००५ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना पोलीस कायद्यात ३३अ कलम घालून बारमधल्या नाचावर बंदी आली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी चुकीची ठरवली, आणि गरिबाच्या बारमधला नाच अश्लील नि श्रीमंताच्या हॉटेलातला सभ्य, हा भेद त्यात मुख्यतः मार खाऊन गेला. मग सरकारने २०१६ चा नवा कायदा केला, आणि त्यातल्या बऱ्याच अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने सैल केल्या: दारू आणि नाच एकत्र नको ही अट गेली, सीसीटीव्हीची गेली, नोटा उधळायच्या नाहीत ही मात्र राहिली. निकाल काहीही लागो, आमच्या भागातल्या कोणत्याही टेबलावर ‘बार’ आणि ‘नाच’ हे दोन शब्द एका ओळीत दिसले की पेन थांबतं.

थांबलंच. अर्ज घेणारे गृहस्थ वयाने मोठे, निवृत्तीला आलेले, बोलायला सभ्य. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला.

‘बायका नाचणार?’

‘नाही.’

‘मग?’

‘मुलं. बाईच्या वेशात. गाण्यावर अभिनय करणार, थोडं नाचणार.’

‘म्हणजे नाटकवाल्यांसारखं.’ त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याचं स्पष्ट कळलं. ‘स्क्रिप्ट आहे? रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट?’

नाटकाची संहिता मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, आणि त्यांनी आपल्या ओळखीचा खण शोधून आमचा अर्ज त्यात घालायचा प्रयत्न केला. मला त्यात वावगं वाटलं नाही. स्त्रीपार्टी नटांना पैठण्या घालून नाचवलेल्या महाराष्ट्रात एखाद्या हवालदाराला ड्रॅग पाहून रंगभूमी आठवावी, हे स्वाभाविकच. पण दर महिन्याला बदलणाऱ्या गाण्यांची संहिता कुठून आणणार? शेवटी आम्ही ज्या क्रमाने कार्यक्रम होणार तो क्रम, गाण्यांची यादी, निवेदनाचा मसुदा आणि सादर करणाऱ्यांची ओळखपत्रं जोडली. रंगमंच वेगळा दाखवला, प्रेक्षकांपासूनचं अंतर नकाशावर काढलं. प्रेक्षक नोटा देणार असतील तर हातात किंवा अंगावर नाही, डब्यात. तो डबा पुढे बिस्किटांचा पत्र्याचा निघाला, त्यावर कळव्याच्या मुलाने टिकल्या चिकटवल्या होत्या.

फाइल चार टेबलं फिरली. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी घाईही केली नाही. साहेबांनी एकदा मला आत बोलावून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही यात कशा?’ मी सांगितलं, फी घेते. त्यावर विषय संपला. परवाना आला तो वर्णनातल्या एका शब्दालाही हात न लावता. आवाजाची अट होतीच. बंद सभागृहाला रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या बंदीतून नियमांत वाट आहे, पण वर लोक राहतात, त्यांना रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, तेव्हा बेस कमी ठेवायचा हे अण्णांनी आपणहून मान्य केलं. वाजवायच्या गाण्यांच्या हक्कांसाठी पीपीएल या संस्थेची फी भरली. वेटरांची नोकरनाम्यात, म्हणजे बारमधल्या कामगारांच्या परवानगीच्या कागदात, नोंद आहे की नाही तेही त्याच फेरीत तपासून घेतलं; नव्हती, दोघांची.

परवान्याची प्रत गल्ल्याच्या वर, गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लागली. फोनवाला तिसऱ्यांदा आला तो स्वतः आला, आपण कोणाचा तरी माणूस आहोत असं सांगत. अण्णांनी काही न बोलता बोटाने फ्रेम दाखवली. त्याने लिंबू सोडा घेतला, बिल दिलं आणि गेला. अण्णा हा प्रसंग अजून प्रत्येकाला सांगतात. सोड्याची किंमत दर वेळी वाढते.

कोपरखैरण्याचे ते गृहस्थ मात्र परत आले नाहीत. त्यांच्यासारखे आणखीही काही. ‘बर्थडे’ला ते येऊ शकत होते, ज्या दारावर समुदायाचं नाव छापलंय त्या दारातून त्यांना शिरता येत नाही. ऐरोलीचा मुलगा मला हे दोन-तीनदा बोलून दाखवतो, आणि त्याचं चूक नाही. उघडपणाची किंमत ज्यांना परवडत नाही, त्यांनाच ती पहिल्यांदा मोजावी लागली. तरी माझा सल्ला मी बदलणार नाही. त्या खोट्या नावाने या माणसाला वाचवलं नव्हतं. व्हिडिओ त्यालाच गेला होता.

नावाच्या बाबतीत जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं. दारूसाठी वय २५, बिअर आणि वाइनसाठी २१, तेव्हा दारात ओळखपत्र बघणं भाग आहे. पण बघायचं आणि परत द्यायचं; फोटो काढायचा नाही, वहीत उतरवायचं नाही. ट्रान्स मुलींच्या आधारवर जुनं नाव आणि जुना फोटो असतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं, पण ते सगळ्यांनी काढलेलं नसतं. म्हणून दारावर अण्णांचा बाउन्सर न ठेवता त्यांच्यातलीच एक उभी राहते, जन्मतारीख बघते, वरचं वाचत नाही. परमिट ज्याला हवं त्याने आपल्या हाताने भरायचं, खऱ्या नावाने. ज्याला नको त्याने दारू मागवायची नाही. पहिल्या महिन्यात यावर कुरकुर झाली. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर अण्णांच्या केबिनमध्ये होता आणि पासवर्ड सगळ्या वेटरांना पाठ होता. तो बदलला. या एका गोष्टीने पाहुणे जेवढे निर्धास्त झाले तेवढे परवान्याच्या फ्रेमनेही झाले नाहीत.

दोन ऑक्टोबर

एकदा त्यांचा बुधवार बदलून आला तो नेमका २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. ड्राय डे. अण्णा म्हणाले रद्द करा. मुलांनी ऐकलं नाही. हॉल जेवणासाठी उघडा ठेवता येतो, तेवढा ठेवा म्हणाले.

त्या दिवशी एरवीपेक्षा जास्त माणसं आली. दारू नाही म्हणून वयाचा प्रश्न नाही, त्यामुळे कॉलेजची पोरं आली. एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. कोकम सरबत, मंचुरियन, पनीर टिक्का, आणि गाणी. कळव्याच्या मुलाने नऊवारीत लावणी केली. माइकचा जॅक सैल होता म्हणून मधेच आवाज गेला, आणि तेवढा वेळ सगळ्या हॉलने टाळ्यांवर ठेका धरला. वरच्या सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगची तक्रार घेऊन खाली आले होते; त्यांची सगळ्या वर्षातली एकमेव तक्रार पार्किंगचीच होती. ते दारात उभे राहिले, एक गाणं पाहिलं, आणि दोन स्कूटर हलवून घेऊन वर गेले.

अण्णांनी रात्री हिशेब केला आणि त्यांचं तोंड उतरलं. इतकी माणसं, आणि बिल नेहमीच्या निम्म्याहून कमी. इथे मला या प्रकरणाचं मर्म दिसलं. अण्णांचा नफा पेगमध्ये आहे. मुलांना पेग नकोच असतात असं नाही, पण ते येतात ते चार तास कोणी टक लावून बघणार नाही म्हणून. स्टोनवॉलवाल्यांनी हा फरक पाणी घातलेली दारू महाग विकून भरून काढला. आपल्याकडे सरळ उपाय आहे: दारूवर अवलंबून न राहता हॉलचं भाडं ठरवा. आम्ही तिकीट लावलं, त्यातून अण्णांना किमान रक्कम, वर जेवणाचं जे होईल ते त्यांचं. बुधवार फायद्यात आला. फार नाही, पण वीजबिल आणि एका कुकचा पगार निघेल इतका.

मग कंडक्टिंगचा करार संपला. दादांना एका रेस्टॉरंट साखळीकडून जास्त पैसे मिळत होते, त्यांनी घेतले. नव्या लोकांनी हॉल पाडून एकच मोठा फॅमिली सेक्शन केला. त्यात द्वेष वगैरे नव्हता. ते वाढदिवससुद्धा घेत नाहीत. दादांनी मुलांना घरी बोलावून जेवू घातलं आणि ‘मी तरी काय करू’ म्हणाले. उसनी खोली परत गेली.

आता ही मंडळी ठाण्यात स्वतःच्या नावावर जागा शोधताहेत. पाच-सहा जणांनी मिळून, महिनाभर चालेल अशी: दिवसा कॅफे, संध्याकाळी कार्यक्रम, दारूचा परवाना निदान सुरुवातीला नाहीच. हे मला पटलंय. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक जागा दाखवली, जुन्या इमारतीचा पहिला मजला. भाडं बसण्यासारखं, स्टेशन जवळ, आणि त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रस्त्यावरून काही दिसत नाही. गल्लीत एक दार, आत अरुंद जिना, खिडक्यांना पक्के गज. मी तिथेच नाही म्हटलं. त्यांना मुंबईतल्या कमला मिलची आग ठाऊक होती, २९ डिसेंबर २०१७, १४ मृत्यू. न्यू ऑर्लिन्सचा अपस्टेअर्स लाउंज ठाऊक नव्हता. तोही वरच्या मजल्यावरचा गे बार, वर यायला एक जिना, खिडक्यांना गज. २४ जून १९७३ च्या संध्याकाळी कोणीतरी त्या जिन्यावर ज्वलनशील द्रव ओतून आग लावली. ३२ माणसं गेली. जी वीसएक वाचली, त्यांना बारटेंडरने मागच्या दाराने गच्चीवर नेलं, आणि ते दार बहुतेकांना माहीतच नव्हतं.

मालकाला मागच्या बाजूने लोखंडी जिना लावू देतोस का, असं विचारलंय. इमारतीच्या मागे सोसायटीची जागा आहे, म्हणजे सोसायटीचा ठराव लागेल, म्हणजे सर्वसाधारण सभा, म्हणजे जिना कशासाठी हवा ते सभेत उभं राहून सांगणं आलं. ऐरोलीचा मुलगा म्हणाला, ‘डान्स क्लास’ सांगू या का? कळव्याच्या मुलाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ठरावाचा मसुदा मी लिहून दिलाय, त्यात काय चालणार आहे ते चार ओळींत आहे. सभा पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, इमारतीच्या आवारात. दोघंही जाणार आहेत.